तीन हजार वाचवायला साडेसात हजारांची हत्यारं?

अमळनेरच्या एका वाचकांनी मोठं पत्र पाठवलंय. त्यातलं मुद्द्याचं तेवढं देतो. कृषी सेवा केंद्रात नोकरी, पगार 24 हजार, आठवड्याला एक सुटी. गाडी 2013ची छोटी पेट्रोल, 92 हजार किलोमीटर झालेली. संभाजीनगरला जाताना चाळीसगावच्या पुढे कन्नडच्या घाटात इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी पुढे सरकेना आणि जळका वास सुटला. मेस्तरी म्हणाले, क्लच गेला, 9,200 रुपये लागतील. त्यात क्लच सेट 4,800, मजुरी 3,000, गिअर ऑइल आणि सील 900, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चकती, जिच्यावर क्लचची प्लेट दाबली जाते) लेथवर साफ करायचे 500. वाचक लिहितात, "सेट मीच आणतो. अंगणातच गिअरबॉक्स उतरवतो. व्हिडिओ बघून ठेवलेत. 4,400 रुपये वाचतील. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला शहाद्याहून आणायचंय, त्याआधी करू का?"

भाऊ, तुमचं मन मला कळतं. आपल्याकडे विहिरीवरची मोटर बिघडली तर शेतकरी आधी स्वतः खोलून बघतो, आणि ती सवय चांगली आहे. पण 4,400 हा आकडा बरोबर नाही, तिथूनच सुरुवात करू.

गिअर ऑइल तुम्हालाही भरावंच लागणार, कारण एक्सल काढले की जुनं ऑइल जातं. सीलही बदलावंच. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर क्लचची नवी प्लेटही चिकट होऊन सरकायला लागते, म्हणजे इंजिन फिरतं पण जोर चाकांपर्यंत पोचत नाही. फ्लायव्हीलवर रेघा पडल्या असतील तर लेथवाल्याकडे तुम्हीही जाणार. म्हणजे 900 आणि 500 दोन्हीकडे सारखेच. खरी बचत फक्त मजुरीची, 3,000 रुपयांची.

आता दुसरी बाजू. तुमच्याकडे पान्यांचा सेट आहे आणि गाडीबरोबर आलेला जॅक आहे. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नसतं. या कामाला ट्रॉली जॅक लागेल, साधारण 2,600. जॅक स्टँडची जोडी 1,800. टॉर्क पाना 2,000, कारण प्रेशर प्लेटचे (क्लचची प्लेट दाबून धरणाऱ्या भागाचे) बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे आणि ठरलेल्या ताणाने आवळावे लागतात. एक्सलच्या नटासाठी मोठा सॉकेट आणि लांब दांडा 700. प्लेट मधोमध बसवायची दांडी 400. बेरीज 7,500. शिवाय पहिल्यांदा करणाऱ्याला एक रविवार पुरत नाही. एक दिवसाची रजा बिनपगारी पडली तर 923 रुपये आणखी गेले.

हत्यारं पुढे कामाला येतील, असं तुम्ही म्हणाल. जॅक आणि स्टँड येतीलच. पण 13 वर्षांत 92 हजार, म्हणजे तुमची गाडी वर्षाला सात हजारांच्या आसपास चालते. या वेगाने पुढचा क्लच दहा वर्षांनी तरी येईल का? तोवर ही गाडी तुमच्या दारात असेल की नाही, हेच नक्की नाही. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या कामासाठी घेतलेलं हत्यार पैसे फेडत नाही. दरवर्षी येणाऱ्या कामासाठी घेतलेलं फेडतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, बॅटरीची टोकं साफ करणं ही कामं घरी करा. हत्यारं थोडी लागतात, चूक झाली तरी सहसा निस्तरता येते, आणि मजुरी वर्षानुवर्षं वाचत राहते. पाच वर्षांची बेरीज मांडून बघा, एका क्लचच्या मजुरीला ती सहज गाठेल.

पैशापलीकडचं एक सांगतो, कारण ते मी स्वतः पाहिलंय. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्या अंगणात मी जुन्या गाडीचं पुढचं चाक काढून काम करत होतो. जमीन काळी माती. वरून घट्ट दिसत होती, पण आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. जॅकचा तळ एका बाजूने खचला आणि गाडी ब्रेकच्या ड्रमवर येऊन बसली. दोन मिनिटं आधी माझा हात तिथे होता. तुमचं अंगणही मातीचं आहे, पत्रात तुम्हीच लिहिलंय. क्लचच्या कामात तर धड गाडीखाली असतं, आणि छोट्या गाडीचा गिअरबॉक्सही 30 किलोच्या घरात जातो. तो सुटला की त्या बाजूचा इंजिनाचा आधारही सुटतो, इंजिनाला वेगळा टेकू द्यावा लागतो. एकट्याने, एप्रिलच्या उन्हात, पारा 42-43 वर असताना हे करू नका. विटा रचून तर अजिबात नको, वीट दाबाने अचानक फुटते.

आणि यात विम्याचा आधार जवळपास नाही. क्लच झिजणं ही झीज, त्यामुळे गाडीच्या विम्यात ते धरत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. पण गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचं जे 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, ते गाडी चालवताना, गाडीत चढता-उतरताना किंवा गाडीतून प्रवास करताना झालेल्या अपघातासाठी असतं. गाडीखाली झोपून काम करताना काही झालं तर त्यावर विसंबू नका. वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतली नसेल तर उद्याच बँकेत फॉर्म भरा. त्यात अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. घरात दोन लेकरं आणि शिवणकामावर थोडीफार कमाई करणारी वहिनी आहे. 3,000 रुपयांसाठी एवढी जोखीम मी तुम्हाला घेऊ देणार नाही.

आता जे घरी करायलाच हवं ते. मेस्तरींना गाडी देण्याआधी पेडल हाताने दाबून बघा. तुमच्या गाडीचा क्लच केबलचा आहे, त्यामुळे पेडल सुरुवातीला थोडं सैल हलायला हवं, साधारण दीड-दोन सेंटिमीटर. अजिबात हलत नसेल, लगेच घट्ट लागत असेल, तर केबल ताणली गेली आहे. मग प्लेट चांगली असूनही क्लच सरकतो, कारण पेडलला पाय न लावताही तो अर्धा दाबलेला राहतो. गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलचा नट असतो, तो सैल करून पेडलला ढिलाई द्या. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीने वेग धरला नाही, तर प्लेट खरोखर गेली. जळका वास आल्यामुळे मला वाटतं ती गेलीच असेल. तरी हे तपासल्याशिवाय 9,200 देऊ नका.

प्लेट गेलीच असेल तर पुढे ढकलूही नका. सरकणारी प्लेट तापते आणि फ्लायव्हील खाते. प्लेट झिजून तिचे रिव्हेट फ्लायव्हीलला घासायला लागले की 500 रुपयांच्या लेथच्या जागी नवं फ्लायव्हील येईल आणि तुमचा हिशोब फार पुढे जाईल. त्या अवस्थेत बहिणीला घेऊन शहाद्याहून निघायचं नाही.

मेस्तरींशी बोलताना दोन-तीन गोष्टी. सेटमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) तिन्ही आहेत ना, ते विचारा. बेअरिंग वाचवू नका, ते वर्षाने कुरकुरलं तर मजुरीचे 3,000 पुन्हा द्यावे लागतील. गिअरबॉक्स उतरेल तेव्हा मला बोलवा, फ्लायव्हील आणि सील डोळ्यांनी बघायचंय, असं आधीच सांगून ठेवा. जुने भाग परत मागा. सेट स्वतः जळगावहून आणायचा विचार मात्र सोडा. चार-पाचशे वाचतील, पण पुढे काही झालं की मेस्तरी पार्टकडे बोट दाखवणार आणि दुकानदार मेस्तरीकडे. त्यापेक्षा सेटचं पक्कं बिल त्यांच्याकडूनच घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय. बिलात 18च लागलाय ना, ते बघा, आणि 4,800 हा भाव नवा आहे की जुन्या यादीतला, हेही विचारा.

पैसे कुठून? तुम्ही लिहिलंय, बचत खात्यात 14 हजार आणि 60 हजारांची एफडी, आणि कार्डावर हप्ते करायचा विचार आहे. कार्ड नको. हप्ता चुकला तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे चाळीसच्या पुढे जातात. खात्यातले 14 हजार अशाच अडीनडीसाठी आहेत, त्यातून द्या. 4,800 उरतील. एफडी मोडू नका, तशी वेळ आलेली नाही. नंतर वहिनींच्या शिवणकामातून आणि तुमच्या पगारातून मिळून दरमहा दीड हजार टाका, दिवाळीपर्यंत भरपाई होते.

आणखी एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. 2028 मध्ये गाडीला 15 वर्षं होतील. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायला 5,000 शुल्क, वर पर्यावरण कर, आणि तपासणीत टायर-ब्रेक निघाले तर तेही. ही गाडी त्यापुढे ठेवायची की नाही, हे वहिनींशी बसून ठरवा. ठेवायची असेल तर 9,200चा क्लच योग्य खर्च आहे. यंदाच विकायचा विचार असेल तरी क्लच करूनच विका, सरकणारा क्लच गिऱ्हाईक पहिल्या फेरीत ओळखतं आणि 9,200 पेक्षा जास्त पाडून मागतं.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत केबल बघून घ्या. नट फिरवून फरक पडला नाही तर सोमवारी गाडी मेस्तरींकडे लावा, आणि बहिणीला दोन दिवसांनी फोन करा.