कॅम्पर व्हॅनचं पासिंग वाढतं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मला विचारले जाणारे प्रश्न बदलले. आधी लोक विचारायचे, गाडीत पलंग कसा बसवायचा? आता पलंग बसलेला असतो, ओटा झालेला असतो, पाण्याची टाकी लागलेली असते आणि मग लक्षात येतं की गाडी जड झाली. या वेळचे पाचही प्रश्न वजनाचेच, म्हणजे गाडीला मंजूर झालेल्या वजनाचे (पासिंगचे) आहेत.

प्रश्न : आमची व्हॅन आम्ही खासगी वापरासाठी कॅम्पर करून घेतली. आरसीवर ग्रॉस वेट 4,000 किलो आहे. काट्यावर फुल डिझेलसकट, माणसं, पाणी आणि सामान न धरता 3,480 भरली. पाण्याची टाकी 200 लिटरची आहे आणि प्रवासाला आम्ही चौघं असतो. बॉडीवाला म्हणतो, ‘मागे दोन पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवतो आणि साडेचार टनाचं पासिंग करून देतो.’ करावं का? (गंगापूर रोड)

उत्तर : करू नका. पाटे वाढवता येतात, पासिंग वाढत नाही. ग्रॉस वेट म्हणजे गाडी आणि तिच्यातला सगळा भार मिळून नोंदणीत मंजूर झालेलं वजन. कंपनी चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, चाचणी करून तो आकडा मंजूर करून घेते आणि आरटीओ तोच आरसीवर चढवतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ओव्हरलोडचा दंड त्याहून वेगळा : 20,000 रुपये आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनाला 2,000. शिवाय जादा भार उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत.

दंडापेक्षा मला घाटाची काळजी जास्त आहे. पाट्याचं काम गाडीला उचलून धरायचं. थांबवायचं काम ब्रेकचं, आणि पाटे वाढवताना ब्रेकला कोणी हात लावत नाही. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना गाडी सुमारे 300 मीटर खाली येते. चार टनांच्या गाडीची त्या उतारात जी ऊर्जा सुटते, तेवढ्यात 35 लिटर पाणी उकळीला येईल. साडेचार टन केलीत तर 40 लिटर. यातली काही इंजिन आणि हवा खाते, उरलेली सगळी ब्रेकच्या लायनर आणि डिस्कमध्ये जाते. माझ्या पहिल्या व्हॅनला मीही दोन पाटे वाढवून घेतले होते. मागचा भाग छान उचलला गेला म्हणून मी निर्धास्त होतो. त्याच घाटात अर्ध्यावर जळका वास आला आणि पेडल खाली खाली जायला लागलं. दुसऱ्या गिअरवर कशीबशी कडेला घेतली, तेव्हा मागच्या सीटवर माझी मुलं झोपलेली होती. ज्या गॅरेजने पाटे टाकले त्यांनी ब्रेकचा विषय काढलाच नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता तुमचा हिशेब. 3,480 मध्ये मिळवा 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो, आणि चौघांचे 270 धरू. झाले 3,950. उरले फक्त 50 किलो, आणि त्यात अंथरूण-पांघरूण, भांडी, शेगडी, किराणा, कपडे, खुर्च्या. चौघांचं एवढं सामान 130 किलोच्या आत बसलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणजे तुम्ही सुमारे 80 किलोंनी वर आहात. एवढं वजन उतरवणं अजिबात अवघड नाही. नाशकातून निघताना टाकी 60 लिटरच भरा, पाणी वाटेत मिळतं. इथेच 140 किलो सुटले. दोन 150 एएचच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या असतील तर त्या प्रत्येकी 55 ते 60 किलोंच्या असतात. तेवढंच काम करणाऱ्या 100 एएचच्या दोन लिथियम बॅटऱ्या मिळून 25 किलोंच्या आसपास भरतात. आणि फर्निचर पाहा. 18 मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक पत्रा 33 ते 35 किलोंचा असतो. घरातल्या कपाटाला तो शोभतो, चालत्या गाडीत कपाटाच्या दारांना 9 किंवा 12 मिलिमीटर पुरतो.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. आरसीवर गाडीचा वर्ग काय लिहिला आहे? ‘वाहन’ पोर्टलवर खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनसाठी स्वतंत्र वर्ग आहे. आत पलंग-ओटा आणि कागदावर प्रवासी गाडी असं असेल तर विम्याचा दावा अडकू शकतो, वजन मर्यादेत असलं तरीही.

प्रश्न : माझा पुतण्या इंग्लंडमध्ये आहे. त्याने 3,500 किलोंची मोटरहोम घेतली. तो सांगतो, तिथे नुसत्या कागदावर 3,650 करून मिळतं. मग आपल्याकडे का नाही? आणि त्याने ते करावं का? (इंदिरानगर)

उत्तर : पुतण्या बरोबर सांगतो आहे. तिथल्या पुष्कळ मोटरहोम मुद्दाम 3,500 वर नोंदवलेल्या असतात, कारण साध्या कारच्या लायसन्सची हद्द त्या वजनाला संपते. चासीची ताकद त्याहून जास्त असू शकते. प्लेटवर पुढच्या एक्सलला (चाकांची जोडी जोडणाऱ्या आसाला) 1,850 आणि मागच्याला 2,000 लिहिलं असेल तर बेरीज 3,850 होते आणि एकूण मात्र 3,500 लिहिलेलं असतं. मधल्या फरकातला काही भाग तज्ज्ञाकडून हिशेब करून, नवी प्लेट लावून आणि नोंदणीचं कागदपत्र डीव्हीएलएकडे (तिथल्या वाहन नोंदणी आणि लायसन्सच्या खात्याकडे) पाठवून वापरात आणता येतो. त्याहून जास्त हवं असेल तर टायर आणि सस्पेन्शनला हात लावावा लागतो. आपल्या कायद्यात मालकाला अशी वाटच ठेवलेली नाही.

पण त्याला आधी लायसन्स काढून पाहायला सांगा. 1 जानेवारी 1997 पासून तिथे कारची परीक्षा पास झालेल्यांना 3,500 किलोंपर्यंतचीच पेट्रोल-डिझेल गाडी चालवता येते. आपलं भारतीय लायसन्स तिथे बदलून मिळत नाही, त्यामुळे तो तिथली परीक्षा देऊनच पास झाला असणार, आणि तीही बहुधा 1997 नंतर. म्हणजे 3,650 ची नवी प्लेट लागली त्या क्षणी स्वतःचीच गाडी त्याला चालवता येणार नाही. त्यासाठी सी-1 वर्ग हवा : वैद्यकीय तपासणी, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. 1997 आधी पास झालेल्या जुन्या मंडळींना साडेसात टनांपर्यंतची परवानगी आपोआप असते, तीही सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणीवर अवलंबून.

युरोपात फिरायचा बेत असेल तर आणखी दोन गोष्टी. 3.5 टनांवरच्या मोटरहोमला जर्मनीत महामार्गावर ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ऑस्ट्रियात साध्या टोल स्टिकरऐवजी किलोमीटरप्रमाणे टोल मोजणारं यंत्र बसवावं लागतं. सी-1 काढायची तयारी नसेल तर त्यानेही सामानच कमी करावं.

प्रश्न : वजन नेमकं कुठे आणि कसं करायचं? मागे दुचाकीसाठी कॅरिअर लावायचा विचार आहे. (सातपूर)

उत्तर : नाशिककरांना याची अडचण नाही. आडगावचा ट्रक टर्मिनल, अंबड-सातपूरचा औद्योगिक पट्टा, पिंपळगाव बसवंतची कांद्याची बाजारपेठ, सगळीकडे भुईकाटे आहेत. वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का असलेला काटा निवडा. प्रवासाला निघताना जशी भरता तशीच गाडी भरून न्या, माणसं आतच बसू द्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं मिळून एकूण वजनाच्या जवळ आलं पाहिजे; फार फरक पडला तर गाडी सपाट उभी नव्हती, पुन्हा करा. मोठ्या काट्यांवर आकडा दहा-वीस किलोंच्या टप्प्याने बदलतो, म्हणून मर्यादेच्या 50 किलो खालीच थांबा.

वजनाच्या तीन चिठ्ठ्या घ्यायला सांगतो, कारण एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल मात्र ओव्हरलोड, असं कॅम्परमध्ये फार होतं. तुमच्या कॅरिअरचंच बघा. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) 4 मीटर आहे आणि दुचाकी मागच्या एक्सलच्या 2 मीटर मागे लटकते असं धरू. दुचाकी-कॅरिअर मिळून 100 किलो असेल तर मागच्या एक्सलवर 150 किलो वाढतात, आणि पुढच्या एक्सलवरचे 50 कमी होतात. सी-सॉ खेळताना एक टोक दाबलं की दुसरं उचलतं, तसंच. पुढचं उचललं की स्टिअरिंग हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड जाते. वणीच्या घाटात पावसाळ्यात हे नको. सायकली न्या, दुचाकी घरीच ठेवा.

प्रश्न : जास्त भाराचे टायर टाकले तर मर्यादा वाढते का? (पंचवटी)

उत्तर : आरसीवरची नाही वाढत. तरी टायरवरचा लोड इंडेक्स जरूर वाचा : 104 म्हणजे एका टायरला 900 किलो, 109 म्हणजे 1,030, 112 म्हणजे 1,120, 116 म्हणजे 1,250. मागच्या एक्सलच्या चिठ्ठीवर 1,900 असेल आणि मागे दोनच टायर 104 चे असतील तर ते आजच बदला. हवा कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरा.

प्रश्न : 2018 मध्ये सरकारने ट्रकची वजनं वाढवली, मग आमच्या गाडीला ते का लागू नाही? नवी जड चासी घेतली तर हेवी लायसन्स लागेल का? (आडगाव)

उत्तर : जुलै 2018 च्या अधिसूचनेने एक्सलची कमाल मर्यादा वाढवली, उदाहरणार्थ चार टायरच्या एका एक्सलला 10.2 टनांवरून 11.5 टन. ही वरची हद्द आहे. तुमच्या व्हॅनचा मागचा एक्सल दोन-तीन टनांचा. तो तिच्या जवळपासही जात नाही. त्याची मर्यादा कंपनी ठरवते.

लायसन्सची मात्र चिंता नको. ग्रॉस वेट 7,500 किलोंपर्यंत असलेली गाडी कायद्याने हलकं मोटार वाहन (एलएमव्ही) आहे, आणि या वजनाची व्यावसायिक गाडीही एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. म्हणून गाडी अजून घ्यायची असेल तर पाच-साडेपाच टनांची चासी आधीच निवडा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या बॉडी बिल्डरकडेच काम द्या, आणि अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तयार गाडीचं वजन किती भरेल हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.