२४ माइक, २२ पाती आणि −२चा मोड

२२ पात्यांचा फॅन, ५४ स्टेटर व्हेन (न फिरणारी पाती), हवा आत घेणाऱ्या इनलेटच्या भिंतीत समान अंतरावर २४ माइक, आणि ब्लेड पासिंग फ्रिक्वेन्सीला (सेकंदाला जितकी पाती समोरून जातात तिला) −२चा मोड सगळ्यांत जोरात. मोड म्हणजे डक्टमध्ये गोल फिरणारा आवाजाचा नमुना; आकडा एका वळशातल्या लाटांचा, चिन्ह फिरण्याच्या दिशेचं. हा −२ विस्कळीत हवेमुळे येतो का, हा तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हे दुखणं आम्हीही काढलंय. येणाऱ्या हवेच्या माथी दोष मारण्याआधी २२ मधून २४ वजा करा. समान अंतरावरच्या माइकना त्यांच्या निम्म्या संख्येपलीकडचा (इथे १२) मोड ओळखताच येत नाही. पात्यांबरोबर फिरणारा २२चा मोड त्यांना −२ दिसतो. दुप्पट फ्रिक्वेन्सीला ४४ − ५४ = −१० हा टायलर-सॉफ्रिन मोड (फिरती पाती आणि व्हेन यांच्या आंतरक्रियेतून उठणारा) १२च्या आत बसतो, पण तिथेही ४४चा मोड −४ बनून डोकावेल.

खात्रीसाठी फॅनपासून लांब माइकची दुसरी रिंग लावा. पात्याच्या टोकाचा हवेच्या सापेक्ष वेग ध्वनीपेक्षा कमी असेल, तर २२चा मोड तिथवर पोचेपर्यंत विरतो. खरा −२ टिकतो. नवी रिंग करणारच असाल, तर अंतरं मुद्दाम असमान ठेवा.

आमचं खरं नुकसान मात्र माइकमुळे झालं नाही. चाचणी केंद्राच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागाने शाफ्टचा टॅको सिग्नल (फिरण्याचा वेग मोजणारा) वेगळ्या सिस्टिमवर, वेगळ्या घड्याळाने रेकॉर्ड केला होता. मागितला तर "आमच्या कक्षेत येत नाही", मग "लेखी द्या", आणि शेवटी हाती आली सेकंदाला एक आरपीएम आकडा असलेली फाइल! तिचं काय लोणचं घालायचं? फेऱ्यागणिक पल्स हवा असतो. वेग जरासा हलला तरी वरच्या हार्मोनिकचे (पटीतल्या फ्रिक्वेन्सीचे) टोन पसरतात आणि ती पसरण ब्रॉडबँडच्या, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींवर विखुरलेल्या गोंगाटाच्या, खात्यात जमा होते. पल्स असेल तर डेटा शाफ्टच्या कोनावर रीसॅम्पल करून (कोनानुसार नव्याने नमुने घेऊन) फेऱ्यांची सरासरी काढता येते. ती वजा केली की उरतो तो बहुतांशी ब्रॉडबँड. त्यामुळे टॅको माइकच्याच रेकॉर्डरमध्ये, एका चॅनेलवर घ्या. कुणी नाही म्हटलं तर चाचणी पुढे ढकला, असं माझं स्पष्ट मत.

मी डक्टमधलंच काम केलंय, मोकळ्या मैदानातल्या अ‍ॅरेबाबत माझा शब्द प्रमाण मानू नका. बीमफॉर्मिंगचे (अनेक माइकवरून आवाजाची जागा शोधण्याच्या पद्धतीचे) रंगीत नकाशे बघून मात्र लगेच भुलू नका. क्रॉस-स्पेक्ट्रल मॅट्रिक्सचा (माइकच्या जोड्यांमधला संबंध मांडणाऱ्या तक्त्याचा) कर्ण वगळलाय का, ते आधी विचारा. भिंतीलगतच्या खळबळीचा प्रत्येक माइकवरचा स्वतंत्र गोंगाट तिथेच साठतो. आणि जमिनीवरच्या स्थिर चाचणीत इनलेटपुढे टर्ब्युलन्स स्क्रीन (येणाऱ्या हवेतली खळबळ कमी करणारी जाळी) नसेल, तर तिथला टोन उड्डाणातला समजू नका.