दुसऱ्या महायुद्धातली शिनानो ही जपानची एवढी अवाढव्य विमानवाहू नौका फक्त चार टॉर्पेडोंनी कशी काय बुडाली?

तुम्ही प्रश्नात दोनच पर्याय दिलेत: तिचे कॅप्टन आबे यांचा हेकेखोरपणा की आर्चरफिश या अमेरिकी पाणबुडीचं नशीब. माझ्या मते शिनानोचा घात ती जिथे बांधली त्या जपानमधल्या योकोसुकाच्या गोदीतच झाला होता.

ती यामातो आणि मुसाशी या जपानच्या प्रचंड युद्धनौकांची तिसरी बहीण. १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू गेल्यावर तिला युद्धनौकेऐवजी विमानवाहू करायचं ठरलं. पूर्ण भरल्यावर सुमारे ७२,००० टन. काम १९४५ च्या सुरुवातीला संपायचं होतं. पण जून १९४४ मध्ये फिलिपीन समुद्रातल्या लढाईत आणखी तीन विमानवाहू बुडाल्या आणि वरून हुकूम सुटला, ऑक्टोबरपर्यंत द्या. मग कामांना कात्री लागली. कप्प्यांच्या हवाबंद चाचण्या (कप्प्यात हवा भरून ती कुठून गळते का हे बघायचं) रद्द. कितीतरी वॉटरटाइट दरवाजे बसलेच नव्हते. केबल आणि पाइप जायला बल्कहेडला, म्हणजे कप्प्यांमधल्या भिंतींना, पाडलेली भोकं तशीच उघडी. पाणी उपसायचे पंपही पुरेसे नाहीत.

आता ‘भोकं उघडी राहिली’ हे लोक जाता जाता वाचतात आणि पुढे जातात. मला पुढे जाता येत नाही. मी मुंबईतल्या एका गोदीत क्वालिटीला होतो, हीच हवेची चाचणी, एअर टेस्ट, हे माझं रोजचं काम. एका जहाजाची सुपूर्द करायची तारीख ठरलेली, मांडव घालायला सुरुवात झालेली, आणि प्रोजेक्टचे साहेब म्हणाले, वेल्डिंगचे एक्स-रे झालेत, खालच्या दोन कप्प्यांची टेस्ट कशाला, सही करून टाका. मी सही केली नाही. रात्रपाळीला मॅनहोल बंद करून हवा भरली, ०.१५ बार. दाबाचा काटा थांबेना, हळूहळू उतरायला लागला. वेल्डच्या सगळ्या शिवणींवर ब्रशने साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. साहेब म्हणाले, गेजच खराब असेल. शेवटी आमचा एक फिटर केबल ट्रेच्या मागे, छताला लागून आडवा झाला आणि टॉर्च धरून ओरडला, “सापडला!” ग्लँडमध्ये, म्हणजे केबल भिंतीतून जाते तिथल्या तोंडात, भोक बुजवणारं पॅकिंगच नव्हतं. केबल ओढून झाल्यावर वरून रंगाचा हात मारलेला, त्यामुळे दिसताना सगळं बंद दिसत होतं. मी बोटाने दाबलं तर रंगाचा पापुद्रा फुटून बोट आरपार गेलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, साहेबांनी विचारलं, “एवढ्याशा भोकानं जहाज बुडतं का हो?” वर हेही ऐकवलं की क्वालिटीवाले कामाचा खोळंबा करतात.

बुडतं, साहेब. एकाच भोकाने नाही, पण जिथे एकाचं चालवून घेतात तिथे शंभरांचं चालवून घेतात.

शिनानो २८ नोव्हेंबर १९४४ च्या संध्याकाळी योकोसुकाहून कुरे या जपानी बंदराकडे निघाली. कामगार अजून जहाजावरच होते आणि खलाशी बरेचसे नवखे. २९ ला पहाटे सव्वातीनच्या सुमारास चार टॉर्पेडो उजव्या कुशीत लागले. जहाज फुटून दोन तुकडे झालं नाही, कुठे मोठा स्फोट झाला नाही. ते भरत गेलं. पाणी या कप्प्यातून त्या कप्प्यात, जिथे वाट दिसेल तिथून, आणि ती वाट गोदीनेच ठेवलेली. अकराच्या सुमारास उलटून बुडालं, म्हणजे साडेसात तासांहून जास्त वेळ मिळाला होता. नीट बांधलेल्या जहाजावर एवढ्या वेळात पाणी अडवता येतं. सुमारे १,४३५ माणसं गेली, त्यात गोदीचे कामगारही होते. पाच आठवड्यांपूर्वी तिच्याच बहिणीला, मुसाशीला, दहाहून जास्त टॉर्पेडो आणि वर बॉम्ब बसले तेव्हा कुठे ती बुडाली.

आबेंचं म्हणाल तर टॉर्पेडो लागल्यावरही त्यांनी वेग फारसा उतरवला नाही, त्यामुळे पाणी जोराने आत घुसलं. ती चूकच. पण जहाज अपुरं आहे, निघायची तारीख पुढे ढकला, असं त्यांनी आधी सांगितलं होतं आणि ते मानलं गेलं नाही. अशा माणसाला एकट्याला दोषी धरणं मला पटत नाही.

तुम्ही जहाजबांधणीत जाणार असाल (प्रश्नावरून तसं वाटतंय), तर टेस्ट न बघता सही करू नका, समोर कितीही मोठा माणूस उभा असो. माझ्या साहेबांना पुढे बढती मिळाली, पण ते जहाज त्या ग्लँडला पॅकिंग बसल्यावर आणि काटा थांबल्यावरच गोदीबाहेर गेलं. तारीख चार दिवस पुढे गेली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मुसाशीची तुलना मात्र तंतोतंत धरू नका. तिला दोन्ही बाजूंनी मार बसला, त्यामुळे कल बराच वेळ सावरता आला. शिनानोचे चारही घाव एकाच बाजूला होते, आणि आर्चरफिशचा कप्तान एनराइट याने टॉर्पेडो मुद्दाम कमी खोलीवर लावले होते. शिवाय शिनानोचा पंखा फिरवणाऱ्या एका शाफ्टचं बेअरिंग तापून तिचा वेग घटला नसता तर पाणबुडी तिला गाठूच शकली नसती. तेवढं नशीब एनराइटचं होतं, हे मान्य.