पश्चात्ताप केला की आजार बरा होतो का? भाच्याच्या सिकलसेलच्या गोळ्या बंद कराव्यात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सभेत प्रचारकांनी सांगितलं, "घरात कुणाचं तरी पाप लपलंय, पश्चात्ताप करा, गोळ्या सोडा," आणि तेव्हापासून तुमची बहीण स्वतःलाच दोष देत बसलीय. सगळ्यात आधी, गोळ्या बंद करू नका. सिकलसेलची हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी सुटली की कळा पुन्हा उसळतात.

मी नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती घरातली आहे. प्रभू बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच हे लिहितेय. सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे. आई-वडील दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही त्यांच्या अंगात हा दोष असला, तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. आपल्या नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात असे वाहक पुष्कळ आहेत. त्यात बहिणीचा गुन्हा कसला? बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे बघून येशूला हेच विचारतात: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. बहिणीला हा अध्याय आजच वाचून दाखवा.

मग पश्चात्ताप कशासाठी? आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका काकांनी भावाच्या शेतात बांध सरकवला होता. भावाभावांत बोलणं बंद, एकमेकांच्या लग्नकार्यालाही जात नसत. पुढे काकांची शुगर वाढली, पायाची जखम भरेना, तेव्हा ते उपास-प्रार्थनेला येऊन खूप रडले. पाळक साहेबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बांधाचं काय करताय?" दुसऱ्या दिवशी काका भावाला घेऊन शेतात गेले. दोर धरला, दगड उपटून जुन्या जागी रोवले, आणि त्या पट्टीत उभा असलेला कापूस भावाला वेचू दिला. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानेही लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतंच की. काकांचं इन्सुलिन अजून चालू आहे, ड्रेसिंगही बरेच दिवस करावं लागलं. पण आता दोघं भाऊ एका ताटात जेवतात आणि काकांना रात्री झोप लागते. हे दैवी आरोग्यच आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

शरीरही बरं होतं का? होतं, मी तशा साक्षी ऐकल्यात. पण प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली, तरी तो निघाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? त्याचा सोबती लूक तर वैद्य होता. आपल्या चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटलही प्रभूच्याच नावाने उभं राहिलंय.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं असं लिहिलंय. तेव्हा तुमच्या पाळकांना घरीच बोलवा. मुलाला तेल लावून शांतपणे प्रार्थना करू द्या, आणि तो गोळ्या घेतोय हे त्यांना आधी सांगा. बहिणीच्या मनात खरंच काही सलत असेल तर ते तिला एकटीला प्रभूपुढे बोलू दे, मुलाच्या दुखण्याशी जोडू नका. मुलाला ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर सकाळची वाट न पाहता गाडी काढा. प्रार्थना वाटेत करता येते.