मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी आलं की तोंड बंद पडतं. दोन महिन्यांत मुलाखतीची तयारी कशी करू?

तू हिंगोलीकडचा, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी बघतोयस, कॉलेजात कंपन्या येत नाहीत आणि सगळी अडचण इंग्रजीची आहे, असं तू लिहिलंयस. मी परभणी जिल्ह्यातला. वाळूजच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे आणि गेली सहा-सात वर्षं फ्रेशर पोरांच्या मुलाखतीला मलाही बसवतात. वयानं लहान आहेस, म्हणून 'तू' म्हणतो.

दोष इंग्रजीवर मीही टाकला होता. २०११ साली पहिल्या मुलाखतीला परभणीहून रात्रीची रेल्वे धरली आणि पहाटे औरंगाबादला उतरलो (आताचं छत्रपती संभाजीनगर). स्टेशनच्या नळावर तोंड धुतलं, शेअर रिक्षानं वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला गेलो, विठ्ठलाला हात जोडले आणि कंपनीच्या गेटवर हजर झालो. माझा रिझ्युमे मित्राच्या पेन ड्राइव्हमधून उचललेला होता. नाव-पत्ता बदलला होता, पण छंदात त्याचं 'बुद्धिबळ' तसंच राहिलेलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "उंट कसा चालतो?" मी म्हणालो, "सरळ."

मग प्रोजेक्ट. आम्ही चौघांनी वर्गणी काढून तो दुकानातून तयार आणला होता. "चेन का लावली, बेल्ट का नाही?" मला ठाऊक नव्हतं. "मोटार किती वॅटची?" तेही नाही. शेवटी त्यांनी टेबलावरचा व्हर्नियर (जबड्यात धरून जाडी मोजायची पट्टी) आणि एक पिन पुढं सरकवली. प्रॅक्टिकलला वीस पोरांत एक व्हर्नियर, मी तो लांबूनच पाहिलेला. जबडे उलट्या बाजूनं धरले.

गावी जाऊन घरी सांगितलं, "इंग्रजीमुळं गेलं." खरं तर साहेब सोलापूरकडचे होते. पाऊण तास सगळं मराठीतच चाललं होतं.

पुढचे चार महिने मानवतला मामाच्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर काढले. तो भाग कापसाचा, त्यामुळं हंगामात जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रांची कामं रोज यायची. पहिल्या दिवशी मी मायक्रोमीटरकडं (व्हर्नियरपेक्षाही बारीक मोजणारं अवजार) नुसता बघत उभा, तर मामा म्हणाला, "हातात घे की, चावायलंय का तुला?" डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर असतात. त्यांच्या खाचा पाडलेल्या खरखरीत अंगाला तंतू धरून ओढले जातात, स्थिर पातं सरकीला अडवतं आणि हलणारं पातं ती ठोकून वेगळी करतं. रोलर झिजला की खाचा बुजतात आणि रुई कमी पडते. मग पुन्हा खाचा पाडायच्या, आणि व्यास कमी झाला की पात्याचा दाब नव्यानं बसवायचा. हे मी हातानं केलं. पुढच्या मुलाखतीत "काय करतोस?" विचारल्यावर तेच सांगितलं, अर्ध मराठी, अर्ध हिंदी. साहेब कागदावर रोलर काढून मला उलट प्रश्न विचारत बसले, आणि बुद्धिबळाचा विषय निघालाच नाही.

म्हणून पहिलं काम हे कर: रिझ्युमे समोर ठेव आणि प्रत्येक शब्दावर स्वतःला तीन प्रश्न विचार. ऑटोकॅड (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) लिहिलंस? मग लेयर कशासाठी वापरतात, ते सांगता यायला हवं. जे सांगता येत नाही, ते खोडून टाक. पान अर्धं रिकामं राहिलं तरी राहू दे. दुकानातून आणलेला प्रोजेक्ट असेल (असणारच, मला माहीत आहे), तर दोन महिन्यांत तो उघड, नटबोल्ट मोकळे कर आणि पुन्हा जोड. कुणी बनवला हे कुणी विचारत नाही. अमुक भाग इथं का आहे, हे विचारतात.

दुसरं, मापाची अवजारं. व्हर्नियरवर ४९ मिलिमीटरचे ५० भाग केलेले असतात, म्हणून त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर. मायक्रोमीटरचा थिंबल (फिरवायची नळी) एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर सरकतो आणि त्यावर ५० रेघा असतात, म्हणून ०.०१. एवढं पाठ करून बरीच पोरं येतात. मी पुढं विचारतो: पिनचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एकूण ०.०५ चा असेल, तर यातलं काय घेशील? ज्याला समजलंय तो म्हणतो, मायक्रोमीटर, कारण व्हर्नियरनं त्या पट्ट्यात जेमतेम दोन-तीन पायऱ्याच दिसतील. भोक तपासायचे गो आणि नो-गो गेजही बघून ठेव. गो आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये, आणि दोन्ही गेले तर भोक मोठं झालंय. गावातल्या कुठल्याही लेथवाल्याकडं आठवडाभर उभा राहिलास तरी हे सगळं हाताखालून जाईल. चहा तेवढा तू पाज.

आता इंग्रजी. ते लागत नाही असं मी म्हणणार नाही. ड्रॉइंग इंग्रजीत असतं, ग्राहकाचा मेल इंग्रजीत येतो. पण फ्रेशरकडून वक्तृत्व कुणी मागत नाही. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चा इंटरनेटवरचा परिच्छेद पाठ करून येऊ नकोस. एका दिवशी आठ पोरं आली तर पाच जण तोच म्हणतात, आणि मध्येच एक शब्द विसरला की सगळी गाडी रुळावरून उतरते. स्वतःच्या कामावरची दहा-बारा छोटी वाक्यं आधी मराठीत लिही, मग सोप्या इंग्रजीत कर. "मशीन वॉज स्लो. वी चेक्ड द रोलर. ग्रूव्ह वॉज वर्न आऊट." व्याकरणात 'द' राहिला तर राहिला. ही वाक्यं मनातल्या मनात म्हणू नकोस, मोठ्यानं म्हण, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिले चार दिवस स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल. अडलास तर सरळ विचार, "सर, हे हिंदीत सांगू का?" मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. आणि 'जायलो, करायलो' तोंडातून निघालं तर ओशाळू नकोस. समोरचा बहुतेक वेळा जालन्या-बीडचाच निघतो.

येत नसेल तर "माहीत नाही" म्हण आणि लगेच जोड, "पण मी आधी हे तपासीन." थापा मारणारा पोरगा आम्हाला परवडत नाही. तो उद्या न मोजताच रिपोर्टवर आकडे भरील.

एचआरचे प्रश्न वेगळे. आपल्याकडच्या पोरांना हमखास विचारतात, "दिवाळीला गावी गेलास की परत येतोस ना?" ह्यात अपमान मानू नकोस, पूर्वी पोरं खरंच परतलेली नाहीत. रात्रपाळी चालेल का, राहणार कुठं, ह्याचं उत्तर आधीच ठरवून ने. कंपनी काय बनवते आणि ते कुठल्या गाडीत बसतं, एवढंही बघून जा. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटताना उभं राहिलं तरी कळतं.

तूही विचार: कंपनीच्या रोलवर (थेट कंपनीचा कामगार म्हणून) घेणार, कॉन्ट्रॅक्टवर की अप्रेंटिस म्हणून? अप्रेंटिसशिप ही प्रशिक्षणाची मुदत आहे, ती संपल्यावर कायम करतीलच असं नसतं. बॉन्ड, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी सोडणार नाही असा करार, असेल तर वाचल्याशिवाय सही नको. मूळ मार्कशीट दाखवायची, ठेवायला द्यायची नाही. आणि फॉर्म, ट्रेनिंग, डिपॉझिट अशा कुठल्याही नावाखाली कुणी आधी पैसे मागितले, तर तिथूनच उठून ये.

आदल्या दिवशीच पोच. वाळूजजवळच्या रांजणगावात तुमच्या गावचा एखादा पोरगा खोली करून राहत असेलच, त्याच्याकडं मुक्काम कर. इस्त्रीचा शर्ट पिशवीत घडी करून ने. मी तो अंगात घालून रात्रभर जनरलच्या डब्यात उभा होतो.