ओरडणं टीव्हीवर, काम समितीत

प्रश्न : मी सैनिक टाकळीचा माजी सैनिक. विरोधी खासदार संरक्षणखर्चावर नुसते ओरडतात, की काही करतातसुद्धा? आणि सरकारी दाखले वेळेत मिळत नाहीत, त्याचं काय करायचं?

उत्तर : करतात की! पण ते टीव्हीवर दिसत नाही. संसदेची लोकलेखा समिती २२ खासदारांची. १९६७ पासून तिचं अध्यक्षपद प्रथेनं विरोधी बाकांकडं. असे पहिले विरोधी अध्यक्ष स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल पुढ्यात ठेवून सचिवांना विचारायचं, पैसे गेले, माल कुठाय? मी साखर कारखान्यात हिशेबनीस होतो, ऑडिटवाला आला की आमचा चहा गार व्हायचा. २०२५-२६ चं संरक्षण बजेट सुमारे ६.८१ लाख कोटी, त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनचे. म्हणजे तुमचीही त्यातच आली!

दाखल्यांचं म्हणाल, तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदत टळली की अपील टाका. मी तीन हेलपाट्यांनंतर टाकलं.