कॅटफिशिंगचा यशस्वी गाईड व्हायला चिकाटी लागते की नशीब?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की 'शेवटी मासा लागणं न लागणं कोणाच्याच हातात नसतं, मग यात गाईडचं कर्तृत्व ते काय?' मी इथे एरवी फक्त वाचायला येतो. पण हेच वाक्य माझे साडू घरातल्या प्रत्येक जेवणावळीत, चारचौघांत, हसत हसत माझ्या तोंडावर म्हणत आलेत. म्हणून आज लिहितोच.

मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या जेम्स नदीवर, रिचमंड शहराच्या खालच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लोकांना ब्लू कॅटफिश या मोठ्या, मिशाळ माशाच्या मासेमारीसाठी पैसे घेऊन बोटीतून नेतो. हा माझा जोडधंदा नाही, पोटापाण्याचा धंदा आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो: चिकाटी. बाकीचं वाचायचं नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

तर साडू. हे एका डिसेंबरात सुट्टीला आमच्याकडे आले. आयुष्यात कधी गळ हातात धरलेला नाही. 'तुमचं नक्की काम काय असतं ते एकदा बघू तरी' म्हणाले. म्हटलं, चला. डिसेंबर ते मार्च हाच इथे मोठ्या माशांचा हंगाम. चॅनल कॅटफिश आणि फ्लॅटहेड हे त्याचे भाऊबंद थंडीत सुस्तावतात, ब्लू मात्र गार पाण्यातही खात राहतो.

दिवस उगवायच्या आधी मी आमिषासाठी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत होतो. ब्लूसाठी गिझार्ड शॅड नावाचा छोटा मासा ताजा लागतो. थंडीत हा शॅड खोल उतरतो, सोनारवर (पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) त्याचा थवा दिसेपर्यंत फिरत बसावं लागतं, आणि पागाला शिसं जड नसेल तर तो तळाशी पोचेपर्यंत थवा पसार झालेला असतो. ओला पाग दर खेपेला हाताने ओढून घ्यायचा. हातमोजे घातले तर दोरीचा अंदाज येत नाही, म्हणून उघड्या हातांनी. बोटं इतकी बधिरतात की खिशातून किल्ली काढता येत नाही. हे सगळं चाललेलं असताना साडू बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर ट्रकमध्ये हीटर लावून बसले होते. त्यांच्या गोष्टीत हा भाग कधीच येत नाही.

फ्रीझरमधला शॅड का चालत नाही, असं काही जण विचारतात. चालतो, पण मांस भुसभुशीत होतं, गळावर टिकत नाही, आणि रक्त-तेल निघून गेलेलं असतं. कॅटफिशच्या मिशांवरच नाही, सगळ्या अंगावर चव घेणाऱ्या कळ्या असतात. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा त्यांच्या भरवशावर येतो. त्याला शिळं दिलं तर तो खालच्या बाजूने येऊन निघून जातो आणि आपण वर 'आज नशीब नाही' म्हणत बसतो.

त्या दिवशी ओहोटी सकाळी उशिरा सुरू होणार होती. एका बाहेरच्या वळणावर जहाजांच्या मार्गाची कड आहे, तिथे तळ एकदम खाली जातो. ती जागा मी आदल्या आठवड्यात दोनदा करून बघितली होती आणि दोन्ही वेळा कोरडा परतलो होतो. दोन्ही वेळा मी पोचलो तेव्हा भरती चढत होती. माझ्या वहीत (हो, वही, ॲप नाही) त्या जागेचे जेवढे चांगले दिवस आहेत ते सगळे ओहोटीच्या पहिल्या दोन तासांतले. पाण्याचं तापमान, वारा कुठून, धार किती, बोट कडेच्या वर की खाली, सगळं लिहिलेलं. म्हणून तिसऱ्यांदा गेलो. साडूंना घेऊन चाललोय म्हणून सोपी जागा निवडली, असं त्यांना वाटतं. उलट मला ती जागा तपासायची होती आणि हे आयते बरोबर होते.

धारेच्या वरच्या अंगाला जाऊन नांगर टाकला, बोट मागे येऊ दिली, आणि आमिष कडेवरून खाली घरंगळेल अशा बेताने दोर बांधला. नांगर नेहमी नाळेवरूनच, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून. मागच्या बाजूने बांधला तर जोराच्या धारेत बोटीत पाणी शिरतं, आणि गार पाण्यात माणूस फार वेळ टिकत नाही. सहा रॉड लावले. सगळ्यात बाहेरच्या रॉडला शॅडचं डोकं. डोकं कडक असतं, बारके मासे ते कुरतडून संपवू शकत नाहीत, मोठ्यासाठी शिल्लक राहतं. 'हा रॉड तुमचा' असं मी साडूंना म्हटलं. कारण तिथे बसायला जागा होती, एवढंच.

पाणी थबकलेलं होतं तोवर काही नाही. साडूंनी फोन काढला, व्हिडिओ कॉल लावला, नदी दाखवली, पक्षी दाखवले, मला दाखवलं. मग नांगराचा दोर ताणला गेला. हे मी कानांनी ओळखतो, दोर आधी कुरकुरतो. पाच-दहा मिनिटांत बाहेरचा रॉड दोनदा टकटकला. साडू फोन टाकून झेपावले तसा मी ओरडलो, "हात लावू नका!" एवढ्या मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो, आणि त्यांनी ते अजून मनात ठेवलंय. आमचे गळ सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेले; त्यांचं कामच असं की झटका मारायचा नाही. मासा आमिष घेऊन वळतो, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात सरकतो आणि रुततो. नवखा माणूस पहिल्या टकटकीला खेचतो आणि माशाच्या तोंडातून आमिष काढून घेतो. रॉड होल्डरमध्येच वाकत वाकत पाण्याला टेकला, तेव्हा म्हटलं, "आता उचला."

पुढची बरीच मिनिटं साडू रील फिरवत होते आणि मी त्यांच्या जॅकेटची पाठ धरून उभा होतो. दोनदा म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही घ्या, माझे हात गेले." मी घेतला नाही. गाईडने रॉड हातात घेतला की तो मासा पाहुण्याचा राहत नाही, आणि हा नियम मी साडूंसाठीही मोडला नाही. मधे मासा नांगराच्या दोराकडे गेला, तेव्हा मी दोराला तरंगता बोया बांधून तो सोडून दिला आणि बोट धारेबरोबर जाऊ दिली. तसं केलं नसतं तर गोष्ट तिथेच संपली असती. जाळ्यात आला तेव्हा झोळीत घालून काट्यावर साठ पौंडांच्या वर भरला. त्या हंगामातला माझ्या बोटीवरचा सगळ्यात मोठा. फोटो काढला, पाण्यात धरून ठेवला, शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून तो गेला.

संध्याकाळपर्यंत फोटो खानदानातल्या सगळ्या ग्रुपवर. खाली ओळ: 'पहिल्याच दिवशी!' आणि जेवताना ते अजरामर वाक्य: "काही म्हणा साडूभाऊ, हे सगळं नशिबाचं असतं."

आता सांगा. पाग कोणी टाकला? ओहोटीची वेळ कोणी साधली? कोरडे गेलेले दोन दिवस कोणाचे? झटका मारू न देणारा गळ कोणी निवडला? साडूंच्या वाट्याला नशीब आलं हे मला मान्य आहे. पण ते बसले होते त्या खुर्चीपर्यंत ते नशीब मी आणून सोडलं होतं. गाईडच्या बोटीवर मासा नेहमी पाहुण्याच्याच हाताला लागतो, धंद्याची रचनाच तशी आहे. त्यामुळे पाहुण्याला ते नशीब वाटणारच. वाटू द्यावं. घरी जाऊन सोडून द्यावं. दरवर्षी ऐकवू नये.

शुद्ध नशिबाचं उदाहरण हवं असेल तर १९९८ साली कॅन्ससमधल्या एल्क सिटी जलाशयात केन पॉली नावाच्या माणसाने १२३ पौंडांचा फ्लॅटहेड काढला. जागतिक विक्रम. तो बसला होता क्रॅपीसाठी, म्हणजे हातभर लांबीच्याही नसलेल्या माशासाठी. त्याला सलाम. पण गिऱ्हाईक विक्रमाचे पैसे देत नाही, एका दिवसाचे देतं. व्हर्जिनियातलाच २०११ सालचा केर जलाशयातला १४३ पौंडांचा ब्लू अजून जागतिक विक्रम म्हणून उभा आहे, आणि दर हंगामात कोणीतरी मला फोनवर विचारतं, "तसा मिळेल ना?" मी नाही म्हणतो. काही जण फोन ठेवतात. ठेवू देत.

कोणाचं नाव होतं आणि कोणाचं होत नाही, हे मासे न लागलेल्या दिवशी ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा एक कुटुंब दोन मुलांना घेऊन आलं. वारा धारेच्या उलट, बोट नांगरावर डोलतेय, सगळ्या दोऱ्या एकमेकींत. मी चार जागा बदलल्या. प्रत्येक वेळी सहा रॉड गुंडाळायचे, नांगर काढायचा, चिखल धुवायचा, पुन्हा मांडायचं. शेवटी उथळ पाण्यात जाऊन मुलांना हातभर लांबीचे चॅनल कॅट पकडून दिले. वडील निघताना फार काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी दोन दिवस घेतले आणि भावाला घेऊन आले. त्याच सुमाराला खालच्या रॅम्पवर एक नवा गाईड होता. बोट माझ्यापेक्षा भारी, फोटो माझ्यापेक्षा भारी. वाईट दिवशी तो नांगर टाकून फोन बघत बसायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, 'आज मासे तोंड उघडत नाहीयेत.' आता तो दिसत नाही. त्याचं नशीब वाईट होतं असं मला तरी वाटत नाही.

आणि 'गुप्त जागा' वगैरे काही नसतं. सोनार सगळ्यांकडे आहे, नकाशे सगळ्यांकडे आहेत. माझ्या जागांवर रविवारी चार-चार बोटी असतात. त्या कोणत्या वेळेला तिथे असतात, एवढाच फरक.

हे सगळं वाचून आमच्या घरातून एक दुरुस्ती आली आहे, ती प्रामाणिकपणे घालतो. बायको म्हणाली, "भाऊजींना खोडून काढताय ते ठीक, पण इन्शुरन्सचं लिहा." बरोबर आहे. इथे स्वतःच्या धंद्यावर घरादाराचा आरोग्य विमा काढणं म्हणजे निम्मी कमाई त्यात घालणं. आमचा विमा तिच्या नोकरीतून येतो. पहिले काही हिवाळे बुकिंग इतकं तुरळक होतं की तिचा पगार नसता तर मी दुसऱ्याच वर्षी बोट विकली असती, चिकाटी गेली असती तेल लावत. माझ्याइतकेच राबणारे दोन जण मला माहीत आहेत. एकाची पाठ गेली, दुसऱ्याचं घर एका पगारावर चालेना. त्यांच्यात आणि माझ्यात मेहनतीचा फरक नव्हता.

शिवाय हा मासा मुळात या नदीचा नाहीच. ब्लू कॅटफिश मिसिसिपी, मिसूरी, ओहायो या खोऱ्यांतला. व्हर्जिनियात तो १९७०च्या दशकात सरकारी खात्याने शौकीन मासेमारीसाठी आणून सोडला. आता त्याला, जेम्स नदी जिथे मिळते त्या चेसापीक उपसागराच्या सगळ्या परिसरात, उपद्रवी म्हणतात आणि व्यापारी मासेमारांना तो भरपूर काढायला प्रोत्साहन मिळतं. तेव्हा तो सोडला गेला म्हणून मी आज गाईड आहे, आणि उद्याचं धोरण काय असेल ते माझ्या वहीत नाही. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा, माझी ना नाही. पण साडू याबद्दल बोलत नव्हते. ते त्या माशाबद्दल बोलत होते, आणि त्या माशाच्या बाबतीत ते साफ चूक आहेत.

राहिला तुमचा मूळ मुद्दा, की कसं व्हायचं. भरतीच्या किंवा जहाजं चालतात अशा पाण्यात पैसे घेऊन माणसं न्यायची तर कोस्ट गार्डचा परवाना लागतो, ज्याला सगळे 'सिक्स पॅक' म्हणतात, कारण त्यावर जास्तीत जास्त सहा पाहुणे नेता येतात. त्यासाठी पाण्यावरचे ३६० दिवस दाखवावे लागतात, त्यांतले ९० गेल्या तीन वर्षांतले. किमान चार तास पाण्यावर असलात तरच तो दिवस धरतात. वैद्यकीय तपासणी, ड्रग टेस्ट, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आलंच. राज्याचे नियम वेगळे, ते तुमच्या राज्यात बघा. आधी कुणाच्या तरी बोटीवर एक-दोन हंगाम हाताखाली काम करा, शक्यतो हिवाळ्यात, म्हणजे हे आपल्याला झेपतं का ते स्वतःच्या खर्चाशिवाय कळेल. आणि दिवसांची नोंद आजपासून ठेवा, नंतर आठवून लिहू म्हणू नका. स्वतःच्या बोटीवरचे दिवस दाखवायचे असतील तर मालकीचा पुरावा जोडावा लागतो, दुसऱ्याच्या बोटीवरचे असतील तर मालकाची सही लागते. ती सही तो तुमच्यावर खूश असतानाच घेऊन ठेवा.